पाणबुड्याचे हृदय : काही खुणा आणि त्यांचा अर्थ

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा समुद्राशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण तो बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागाशी. होडी, जाळे, तर, मचवा हे सारे पाण्याच्या वरचे व्यवहार. पाण्याच्या तळाशी जाऊन तेथे अर्धापाऊण तास राहणे, काम करणे किंवा नुसते हिंडून येणे ही गोष्ट मात्र अलीकडची. धरमतर, रेवदंडा, राजपुरी या खाड्यांच्या गाळाने येथले पाणी गढूळ असते. त्यामुळे हौसेने तळ पाहणारे आपले तरुण मालवण-तारकर्लीला, गोव्याला किंवा थेट अंदमानात जातात. तारकर्लीला तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडेपणाचे शिक्षण देणारी संस्थाच काढली आहे. हौशी लोकांखेरीज पोटासाठी बुडी मारणारेही आहेत. मुंबई हायच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले, तेथला वायू नळांतून उरणला येऊ लागला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले. आणि जेथे नळ, धक्के व जहाजे आली तेथे पाण्याखाली उतरून ती तपासणारा माणूसही लागतोच.

अशा माणसांपैकी एखाद्याच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. तो धडधाकट असतो. शिकवलेले सारे नियम त्याने पाळलेले असतात. फार खोल गेलेला नसतो, फार वेळ राहिलेला नसतो, घाईने वरही आलेला नसतो. होडीवर चढतो, हसतो, बोलतो, आणि पंधरावीस मिनिटांनी त्याला गरगरू लागते, किंवा पोटावरची कातडी निळसर-तांबडी होते, किंवा एका पायात मुंग्या येतात. बरोबरचे लोक म्हणतात, ऊन लागले असेल, पित्त उसळले असेल, बोट लागली असेल. पुष्कळ वेळा ते खरेही असते. परंतु काही वेळा या तक्रारीचे मूळ हृदयात असते, आणि तेही जन्मापासून. ते कसे, आणि ते ओळखावयाचे कोणत्या खुणांवरून, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

पाण्याचा भार

आपल्या डोक्यावर हवेचा जो भार सदैव असतो, तेवढाच आणखी एक भार समुद्रात दर दहा मीटरला वाढतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. विहिरीत सूर मारणारा माणूस एका श्वासावर खाली जातो आणि मिनिटाभरात वर येतो. त्याच्याजवळ हवा असते ती छातीत भरून नेलेली तेवढीच. पाठीवर सिलिंडर बांधून जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला खालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा श्वासाबरोबर मिळत राहते. नाहीतर त्याची छाती फुगणारच नाही.

हवेत चार-पंचमांशाच्या आसपास नत्रवायू असतो. जमिनीवर तो आत जातो तसाच बाहेर येतो. शरीर त्याचे काही करीत नाही. दाब वाढला की मात्र तो रक्तात आणि मांसमेदात अधिक विरघळू लागतो. गोटी सोड्याच्या बाटलीत वायू असाच दाबाने कोंडून विरघळवलेला असतो. गोटी खाली ढकलली की दाब एकदम उतरतो आणि बुडबुड्यांचा लोट वर येतो. तीच बाटली कोणी अगदी हळूहळू उघडू शकला, तर वायू निमूटपणे निघून जाईल. पाणबुड्याने सावकाश वर यावयाचे ते एवढ्याचसाठी.

हे बुडबुडे नत्रवायूचे असतात, हे फ्रान्समधील पॉल बेर याने १८७८ मध्ये सिद्ध केले. त्यापूर्वी अमेरिकेत मोठ्या पुलांचे पाये घालताना नदीच्या तळाशी कोंडलेल्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर सांधेदुखीने वाकडे होत, काही लुळे पडत, काही दगावत. त्याचे कारण कोणाला नीट उमगत नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन याने शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि किती खोलीवर किती वेळ राहिल्यास कोणत्या टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचा पाणबुड्या मनगटावर जे छोटे यंत्र बांधतो, त्यातील गणिताची वंशावळ त्या शेळ्यांपर्यंत जाते. मिनिटाला नऊदहा मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये, पृष्ठभागाच्या पाचएक मीटर खाली तीन मिनिटे थांबावे, हे हौशी पाणबुड्यांचे नियम त्याच विचारातून आले आहेत.

गाळणी आणि आडवाट

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. नियम पाळूनही काही थोडे बुडबुडे पुष्कळांच्या रक्तात होतातच. मग सगळेच आजारी का पडत नाहीत? कारण शरीराने एक उत्तम गाळणी दिली आहे. अशुद्ध रक्त शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूस येते, तेथून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतील केसापेक्षा बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात हे बुडबुडे अडकतात आणि त्यांतील वायू श्वासावाटे निघून जातो. शुद्ध होऊन डाव्या बाजूस आलेले रक्तच मेंदूकडे आणि सर्व शरीराकडे पाठवले जाते. म्हणजे, उजव्या बाजूचे बुडबुडे सहसा निरुपद्रवी. डाव्या बाजूस पोचलेले मात्र घातक.

पण काही माणसांच्या हृदयात ही गाळणी चुकवणारी एक आडवाट राहून गेलेली असते. आईच्या पोटातील बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. त्याच्या फुप्फुसांना काम नसल्याने रक्ताचा मोठा भाग हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून सरळ वरच्या डाव्या कप्प्यात जातो. त्यासाठी दोहोंमधील पडद्यात एक अंडाकृती छिद्र असते आणि त्यावर एका बाजूने लोटता येणारी झडप असते. मूल जन्मते, पहिला टाहो फोडते, फुप्फुसे उघडतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि झडप मिटते. पुढे ती बहुतेकांत पडद्याला चिकटून जाते.

बहुतेकांत, सर्वांत नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी ९६५ मृत माणसांची हृदये तपासून १९८४ मध्ये प्रसिद्ध केले की, सुमारे २७ टक्के हृदयांत ही झडप नुसती मिटलेली होती, चिकटलेली नव्हती. म्हणजे चौघांत एक! दार लोटलेले आहे, पण कडी घातलेली नाही, असा हा प्रकार. डॉक्टर त्याला ‘पेटंट फोरॅमेन ओव्हेल’ किंवा थोडक्यात पीएफओ म्हणतात. या सभागृहात शंभर माणसे बसली असतील तर त्यांतील वीसपंचवीसांच्या हृदयात ही न लागलेली कडी असणार. आणि त्यांतील बहुतेक सर्वजण तिची गंधवार्ता नसताना पूर्ण आयुष्य जगतील. म्हणून याला रोग म्हणणे योग्य नाही. ही शरीराची एक ठेवण आहे.

अडचण येते ती उजव्या बाजूचा दाब क्षणभर वाढला की. आपण कुंथतो, जोराने खोकतो, श्वास कोंडून जड वस्तू उचलतो, त्या जोराचा ताण सुटतो त्या क्षणी शिरांतील रक्त उजव्या कप्प्यात लोटते आणि दार किंचित उघडते. पाणबुड्याचे उदाहरण घ्या. तो वर येतो. त्यानंतरच्या तासाभरात त्याच्या शिरांत बुडबुडे सर्वांत अधिक असतात. आणि नेमका त्याच वेळी तो काय करीत असतो? सिलिंडरसकट शिडी चढतो, होडीचा नांगर ओढतो, किनाऱ्याला धक्का नसला तर गुडघाभर पाण्यातून ओझे घेऊन वाळूवर येतो. आडवाट उघडते आणि चार बुडबुडे पलीकडे जातात.

रक्तातील गुठळी अशा छिद्रातून पलीकडे जाऊन मेंदूला इजा करू शकते, हे जर्मनीतील कोनहाइम याने १८७७ मध्येच सांगितले होते. पाणबुड्यांशी त्याचा संबंध जुळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. हृदयाच्या पडद्यात भोक असलेल्या एका पाणबुड्याची हकीकत ब्रिटनमधील पीटर विल्म्सहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बुडबुड्यांच्या विकाराने आजारी पडलेले ३० पाणबुडे तपासण्यात आले. त्यांतील १८ जणांना गंभीर त्रास झाला होता. त्या १८ पैकी ११ जणांत नेहमीच्या श्वासावरसुद्धा ही आडवाट उघडी आढळली. तशाच पद्धतीने तपासलेल्या निरोगी माणसांत हे प्रमाण शेकडा पाच होते.

खुणा कोणत्या?

पहिली खूण कातडीची. पोट, पाठ, मांड्या, दंड यांवर आधी खाज किंवा आग होते, मग निळसर-तांबड्या रंगाची जाळी उमटते, संगमरवरावरील शिरांसारखी. आपल्याकडे ‘अंगावर पित्त उठले’ किंवा ‘जेलीफिश लागला’ म्हणून ही खूण सहज सोडून दिली जाते. पित्ताच्या गांधी उंच उठतात आणि जागा बदलतात. जेलीफिशचा ओरखडा उघड्या अंगाला असतो. ही जाळी मात्र पाणबुड्याच्या पोशाखाखाली झाकलेल्या भागावर येते. चार तासांनी ती मावळली म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नये.

दुसरी खूण कानाची. सभोवतालचे जग गरागरा फिरते, ओकाऱ्या थांबत नाहीत, कानात घणघण होते, कधी एका कानाने कमी ऐकू येते. बोट लागलेला माणूस किनाऱ्याला पाय लागल्यावर हळूहळू सावरतो. हा सावरत नाही.

तिसरी खूण मेंदूची : डोळ्यांपुढे अंधारी किंवा अर्धे दृश्य नाहीसे होणे, शब्द न सापडणे, हातातील वस्तू गळून पडणे, तोंड एका बाजूला ओढले जाणे, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देणे. चौथी कण्यातील मज्जारज्जूची : कमरेभोवती आवळल्यासारखी वेदना, पाय जड व बधिर होणे, लघवी न होणे. ही शेवटची तक्रार माणूस लाजेने सांगत नाही. म्हणून ती विचारावी लागते.

या चारही गोष्टी बुडबुड्यांच्या विकाराच्या आहेत, आणि तो विकार हृदय पूर्ण निर्दोष असतानाही होतो. विशेषतः नियम मोडले असतील तर. मग हृदयातील आडवाटेचा संशय केव्हा घ्यावा? बुडी नियमात बसणारी असताना त्रास झाला. तो वर आल्यापासून साधारण अर्ध्या तासात सुरू झाला. तो नुसत्या खांद्याच्या किंवा कोपराच्या दुखण्याचा नसून कातडी, कान, मेंदू वा मज्जारज्जूचा आहे. ओझे उचलल्यावर किंवा शिडी चढल्यावर उद्भवला. आणि सर्वांत महत्त्वाचे, असे पूर्वीही घडले आहे. यांतील दोनतीन गोष्टी एकत्र आल्या की संशयास जागा आहे. डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसून मग ज्यांचे अर्धे डोके दुखू लागते, अशा अर्धशिशीच्या लोकांत ही ठेवण अधिक आढळते, हेही ध्यानात असावे. पण खूण म्हणजे पुरावा नव्हे.

याहून निराळ्या अशा हृदयाच्या काही तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पाण्यात असतानाच दम लागणे, खोकला येऊन गुलाबी फेस पडणे, छातीत कळ येणे किंवा शुद्ध जाणे, यांची कारणे वेगळी असतात. त्यांत बुडी तेथेच आवरून सावकाश वर आणणे आणि रुग्णालय गाठणे हाच मार्ग. आणि वर येताना कोणी श्वास रोखून धरला, तर फुप्फुस फाटून हवा थेट डाव्या बाजूस शिरते. त्याचा परिणाम वर येताच काही मिनिटांत दिसतो.

तत्काळ काय करावे?

कारण कोणतेही असो, होडीवरचा उपाय एकच आहे, आणि तो करण्यास हृदयाचे निदान होण्याची वाट पाहावयाची नाही. माणसाला आडवे निजवावे, उठवून चालवू नये. शुद्ध प्राणवायू तोंडावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून द्यावा आणि बरे वाटले म्हणून लगेच काढू नये. शुद्धीवर असेल व ओकारी नसेल तर थोडे थोडे पाणी द्यावे. मद्य देऊ नये. ‘पुन्हा खाली नेले की बुडबुडे विरतील’ असे म्हणून त्याला परत पाण्यात उतरवू नये; तो पाण्यातच बेशुद्ध झाला तर गेला. खरा उपाय दाबकक्षात होतो. तेथे सुमारे अठरा मीटर खोलीइतका दाब देऊन रुग्णास प्राणवायू देतात आणि मग तासन्‌तास सावकाश दाब उतरवतात. मुंबईस नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयाच्या जोडीला नौदल वैद्यक संस्था आहे. सागरी वैद्यकाचे शिक्षण तेथे मिळते. तथापि कोणता दाबकक्ष चालू आहे आणि तो बाहेरचा रुग्ण घेतो काय, हे सफर ठरवतानाच आयोजकाला विचारून ठेवावे. प्रसंग आल्यावर शोध घेण्यास वेळ नसतो.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलिबागहून किंवा मुरूडहून पुण्याकडे निघालेली गाडी बोरघाट चढून सहाशे मीटरांवर जाते. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि उरलेले बुडबुडे फुगतात. विमानप्रवासाच्या बाबतीत असा संकेत आहे की, एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास उंचावर जाऊ नये. मालवणहून आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटाने त्याच दुपारी परतणाऱ्यांनी हाच संकेत पाळणे शहाणपणाचे होय. किनाऱ्यावर एक रात्र मुक्काम केला तर काही बिघडत नाही. आणि रुग्ण असेल तर घाट टाळून पेण-पनवेलच्या सखल रस्त्याने मुंबईस न्यावा.

तपासणी आणि नंतर

ही आडवाट छातीला नळी लावून ऐकू येत नाही, हृदयाच्या विद्युत्‌आलेखातही दिसत नाही. साध्या ध्वनिलहरींच्या तपासणीतही ती निसटते. म्हणून ‘माझे हृदय तपासले आहे, नॉर्मल आहे’ एवढे सांगणे येथे पुरेसे नसते. त्यासाठी हाताच्या शिरेत अतिसूक्ष्म बुडबुडे घुसळलेले मिठाचे पाणी टोचतात, रुग्णास कुंथावयास लावून एकदम सैल सोडावयास सांगतात, आणि त्याच वेळी ध्वनिलहरींच्या पडद्यावर पाहतात. उजव्या कप्प्यात उमटलेले ठिपके तीनचार ठोक्यांत डाव्या कप्प्यात दिसले की आडवाट सापडली. ते ठिपके मूठभर आहेत की सारा कप्पा भरून टाकणारे, यावरून तिचा आकार कळतो.

मग प्रत्येक पाणबुड्याने ही तपासणी करून घ्यावी काय? तज्ज्ञांचे मत तसे नाही. दक्षिण प्रशांत महासागराच्या भागातील आणि ब्रिटनमधील पाणबुड्यांच्या वैद्यांनी २०१५ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की, सरसकट तपासणीची गरज नाही. ज्यांना कातडी, कान, मेंदू वा मज्जारज्जूचा त्रास वारंवार झाला त्यांनी ती करावी. हे मत आम्हांस पटते. चौघांत एकाला ही ठेवण असताना हौसेच्या दर दहा हजार बुड्यांमागे अपघात मात्र थोडेच होतात. सर्वांना भिवविण्याने निष्पन्न काय होणार?

आडवाट आढळलीच तर तीन मार्ग आहेत. एक, बुडी सोडून देणे. दुसरा, बुडबुडेच कमी होतील अशी बुडी मारणे : उथळ, थोडा वेळ, दिवसातून एकदा, वर येताना अधिक थांबून, आणि नंतरचे दोनतीन तास ओझे न उचलता. तिसरा, मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन छत्रीसारख्या छोट्या साधनाने छिद्र बंद करणे. या तिसऱ्या उपायाला थोडा का होईना धोका आहे, खर्च आहे, आणि छिद्र खरोखर बुजल्याची काही महिन्यांनी खात्री होईपर्यंत पाण्यात जाता येत नाही. हौशी माणसाला पहिले दोन मार्ग बहुधा पुरतात. निवड अर्थातच पाणबुड्यांचे वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी.

न सांगितलेली तक्रार

खरा कठीण प्रश्न हौशी माणसाचा नाहीच. तो वर्षातून दोनदा बुडी मारतो. सोडली तरी त्याची चूल बंद पडत नाही. पावसाळा संपल्यापासून पुढच्या वैशाखापर्यंत पर्यटकांना हात धरून खाली नेणारा कोळ्याचा मुलगा मात्र दिवसातून अनेकदा खालीवर करतो, प्रत्येक वेळी सिलिंडर ओढतो, नांगरही तोच उचलतो. धक्क्याच्या खांबांवर काम करणारा कामगारही तसाच. त्याच्या पोटावर जाळी उमटली तर तो सदरा घालून ती झाकतो. कारण ‘याच्या हृदयात खोट आहे’ असा बोभाटा झाला की उद्यापासून होडीवर जागा नाही, हे त्याला ठाऊक असते. पहिली खूण अशी झाकली जाते, दुसरीही झाकली जाते. आणि तिसऱ्या वेळी पाय उचलत नाहीत.

म्हणून ज्यांच्या हाती अशी माणसे कामाला आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की, तक्रार सांगणाऱ्याचा रोजगार जाणार नाही अशी हमी त्यांनी आधी द्यावी. पाण्याखालचे काम झेपले नाही तर होडीवरचे, शिकवण्याचे, हिशेबाचे काम त्याला देता येते. प्रत्येक पाणबुड्याने एक वही ठेवावी : किती खोल, किती वेळ, वर आल्यावर काय केले, काय वाटले. डॉक्टरांना संशय घेण्यास जे लागते ते या वहीतच सापडते. आणि घरच्या मंडळींनीही संध्याकाळी परतलेल्या माणसाकडे जरा निरखून पाहावे. त्याची पाठ त्याला स्वतःला दिसत नाही. बोलताना शब्द अडखळतो तेही त्याला कळत नाही. ते बरोबरच्या माणसाला दिसते, आणि त्याने ते त्याच वेळी बोलून दाखवावे.